उणीव आधी, नाव नंतर : ऑफ-सीझनमध्ये बास्केटबॉल संघाची फेरबांधणी कशी करावी

१८ मे २०२४ रोजी डॅलसमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ ११७-११६ असा अवघ्या एका गुणाने हरला आणि एनबीएच्या प्लेऑफमधून, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांमधून, दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला. त्या हंगामात या संघाने ५७ सामने जिंकून पश्चिम विभागात पहिला क्रमांक मिळवला होता, संघातले मुख्य खेळाडू विशी-पंचविशीतले होते आणि भविष्यातल्या ड्राफ्ट निवडींचा (दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याच्या हक्कांचा) मोठा साठा व्यवस्थापनाच्या हाती होता. अशा वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे ‘पोरं अजून लहान आहेत, पुढच्या वर्षी आपोआप जिंकतील’ असे म्हणून काहीच न करणे. दुसरा म्हणजे साठवलेल्या सगळ्या निवडी एकदम देऊन एखादा मोठा तारा विकत घेणे. थंडरचे सर्वेसर्वा सॅम प्रेस्टी यांनी दोन्ही मोह टाळले, नेमके दोन मोठे बदल केले, आणि पुढच्या हंगामात याच संघाने ६८ सामने जिंकून जून २०२५ मध्ये विजेतेपद मिळवले.

ऑफ-सीझनमध्ये संघ कसा सुधारावा, हे समजून घ्यायला माझ्या मते अलीकडच्या काळात यापेक्षा चांगले उदाहरण नाही. म्हणून पुढची प्रत्येक पायरी मी शक्यतो याच उदाहरणाच्या आधाराने मांडणार आहे. पहाटे उठून एनबीएचे सामने पाहणाऱ्या आणि जुलैमधल्या बातम्यांचा अर्थ लावू पाहणाऱ्या वाचकाने क्षणभर स्वतःला व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसवून हा लेख वाचावा.

पहिली पायरी : शेवटची मालिका पुन्हा पाहा

८२ सामन्यांच्या साखळी हंगामाची आकडेवारी बरेच काही सांगते, पण संघ कुठे फुटतो हे प्लेऑफमध्येच कळते, कारण तिथे समोरचा संघ सलग चार ते सात सामने एकाच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. त्यामुळे हंगाम संपल्यावर सगळ्यात आधी हरलेल्या मालिकेचे चित्रीकरण पाहावे आणि दोनच प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत : प्रतिस्पर्ध्याने आपल्या कोणत्या खेळाडूला मोकळे सोडले, आणि आपल्या कोणत्या खेळाडूला मुद्दाम शोधून त्याच्यावर हल्ला केला?

डॅलसविरुद्धच्या मालिकेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते जॉश गिडी. हा ऑस्ट्रेलियन खेळाडू उंच आहे, पास देण्यात निष्णात आहे, पण त्या हंगामात त्याचे तीन गुणांचे सुमारे ३४ टक्केच फटके बास्केटमध्ये गेले होते. डॅलसने त्याला रेषेबाहेर मोकळे सोडले आणि त्याच्यासाठी नेमलेला बचावपटू बास्केटजवळ गर्दी करायला वापरला. परिणामी संघाचा प्रमुख खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडरला आत घुसायला वाट मिळेना, आणि मालिकेच्या शेवटी शेवटी गिडीला सुरुवातीच्या पाचांतून बाहेर बसवावे लागले. दुसरी उणीव बास्केटखालची होती. सात फुटांहून उंच असलेला चेट होल्मग्रेन फटके अडवण्यात तरबेज आहे, पण अंगाने सडपातळ आहे; बचावातले रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यांनंतरचा चेंडू, मिळवण्यात संपूर्ण हंगामभर थंडर लीगमधल्या शेवटच्या काही संघांत गणला जात होता, आणि डॅलसच्या दोन धिप्पाड सेंटरनी (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंनी) त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

या दोन उणिवा कागदावर लिहिल्या गेल्या की अर्धे काम झाले असे समजावे. ‘आपल्याला चांगला खेळाडू हवा’ या वाक्याने कोणताही संघ सुधारत नाही. ‘चेंडू हातात नसतानाही ज्याला मोकळे सोडता येणार नाही आणि जो समोरच्याच्या सर्वोत्तम गार्डला (चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूला) रोखेल असा एक, आणि होल्मग्रेनच्या शेजारी उभा राहून रिबाउंड खेचणारा एक भक्कम सेंटर’ असे लिहिले की शोध कोणाचा घ्यायचा ते ठरते.

दुसरी पायरी : पैशांच्या चार रेषा ओळखा

एनबीएमध्ये कोण हवा यापेक्षा कोण परवडतो हा प्रश्न अनेकदा मोठा ठरतो, आणि इथेच बहुतेक चाहत्यांचे कागदी संघ कोसळतात. २०२४-२५ च्या हंगामासाठी सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर, लक्झरी टॅक्सची रेषा (जिच्यापुढे संघाला जादा कर भरावा लागतो) सुमारे १७ कोटी ८ लाख, त्यावरच्या कडक बंधनांची रेषा म्हणजे पहिला एप्रन सुमारे १७ कोटी ८१ लाख आणि दुसरा एप्रन सुमारे १८ कोटी ८९ लाख डॉलर होता. आकडे दरवर्षी वाढतात; रेषांचा अर्थ मात्र तोच राहतो.

आपला पगारखर्च कॅपच्या खाली असेल, तर मधल्या मोकळ्या रकमेत बाहेरचा फ्री एजंट (करार संपलेला खेळाडू) थेट घेता येतो. कॅपच्या वर असाल, तर ठरावीक सवलतींमधूनच खेळाडू घेता येतात. त्यांतली मुख्य सवलत ‘मिड-लेव्हल’ या नावाने ओळखली जाते; ती २०२४-२५ मध्ये टॅक्स न भरणाऱ्या संघासाठी सुमारे १ कोटी २८ लाख डॉलरची होती, तर टॅक्स भरणाऱ्यासाठी जेमतेम ५२ लाखांची. दुसरा एप्रन ओलांडणाऱ्या संघाला तीही मिळत नाही. त्याशिवाय त्याला ट्रेडमध्ये (संघांमधल्या खेळाडूंच्या देवघेवीत) दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महागडा खेळाडू घेता येत नाही, दिलेल्या पगारापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची ड्राफ्ट निवड गोठवली जाते. थोडक्यात, ज्याच्याकडे सुधारण्यासाठी पैसा आहे त्याच्याकडून सुधारण्याची हत्यारेच काढून घेतली जातात.

याचे बोलके उदाहरण फिनिक्स सन्स. केव्हिन ड्युरांट आणि डेव्हिन बुकर संघात असताना त्यांनी जून २०२३ मध्ये ब्रॅडली बीलला आणले. तीनही प्रामुख्याने चेंडू हातात ठेवून गुण करणारे खेळाडू होते, आणि बचाव व बाकावरची ताकद यांसाठी पैसाच उरला नाही. २०२४ मध्ये मिनेसोटाने त्यांना ४-० असे हरवले आणि २०२४-२५ मध्ये ३६-४६ अशा कामगिरीसह ते प्लेऑफलाही पोहोचले नाहीत. बीलच्या करारात त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येणार नाही असे कलम होते, त्यामुळे चूक दुरुस्त करण्याची वाटही अरुंद झाली. जुलै २०२५ मध्ये त्याला करारमुक्त करावे लागले आणि त्याचे उरलेले पैसे पाच वर्षांत विभागल्यामुळे दरवर्षी सुमारे १ कोटी ९४ लाख डॉलर, न खेळणाऱ्या माणसाच्या नावाने, संघाच्या हिशोबात राहिले. मोठे नाव घेण्याआधी त्याच्या कराराचे शेवटचे वर्ष आणि त्यातली कलमे वाचावीत, असा आग्रह मी म्हणूनच धरतो.

तिसरी पायरी : स्वतःच्या खेळाडूंची मांडणी, करारांच्या वर्षांसह

एका मोठ्या कागदावर डावीकडे खेळाडूंची नावे आणि वर पुढची चार वर्षे लिहावीत, व प्रत्येक चौकोनात त्या वर्षीचा पगार भरावा. संघात १५ नियमित करार आणि ३ टू-वे करार (मुख्य संघ आणि दुय्यम लीग अशा दोन्हींकडे खेळण्याचे) बसतात, त्यामुळे कागद मोठा होत नाही. हा तक्ता भरताना तीन गोष्टी वेगळ्या रंगाने दाखवाव्यात : संघाचा किंवा खेळाडूचा पर्याय असलेले वर्ष (म्हणजे करार चालू ठेवायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर असलेले), नवख्या खेळाडूचा स्वस्त करार संपण्याचे वर्ष, आणि ‘बर्ड हक्क’ मिळण्याचे वर्ष.

शेवटची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. एखादा खेळाडू करारमुक्त न होता आणि स्वतःहून संघ न बदलता तीन हंगाम खेळला, तर कॅप ओलांडूनही त्याला त्याच्या कमाल पगारापर्यंत परत घेण्याचा हक्क संघाला मिळतो. दोनच हंगाम झाले असतील, तर हा हक्क अर्धवट असतो आणि देता येणारी रक्कम मर्यादित राहते. सेंटर आयझेया हार्टेनस्टाइन न्यूयॉर्क निक्समध्ये दोनच हंगाम खेळला होता. त्यामुळे निक्सला त्याला चार वर्षांसाठी जास्तीत जास्त सुमारे ७ कोटी २५ लाख डॉलर देता येत होते; मनात असूनही त्याहून जास्त देण्याची सोय नव्हती. थंडरने त्याला तीन वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख डॉलर देऊ केले आणि तो आला. दुसऱ्या संघाच्या तक्त्यातली अडचण वाचता येणे हे स्वतःचा तक्ता वाचता येण्याइतकेच महत्त्वाचे आहे. कोणता चांगला खेळाडू त्याच्या संघाला नियमांमुळे टिकवता येणार नाही, याची यादी मे महिन्यातच तयार असायला हवी.

या तक्त्यात पुढची वर्षे दिसली पाहिजेत याचेही कारण हार्टेनस्टाइनच्या करारात आहे. त्याचे तिसरे वर्ष, म्हणजे २०२६-२७, संघाच्या मर्जीवर ठेवले गेले. होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स हे दोघे २०२२ च्या ड्राफ्टमधले. पहिल्या फेरीच्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, म्हणजे त्यांचे मोठे पगार नेमके २०२६-२७ पासून सुरू होणार होते. जुलै २०२५ मध्ये दोघांचेही पाच वर्षांचे नवे करार झाले. जेव्हा पैसा मोकळा आहे तेव्हा तो उदारपणे खर्च करावा, पण दार बंद होण्याच्या वर्षी आपला पाय त्यात अडकणार नाही एवढी काळजी घ्यावी, हे या एका करारातून शिकता येते.

चौथी पायरी : ट्रेड करताना वयाची भीती बाळगू नये

जून २०२४ मध्ये, ड्राफ्टच्याही आधी, थंडरने २१ वर्षांचा गिडी शिकागो बुल्सला दिला आणि त्या बदल्यात ३० वर्षांचा ॲलेक्स करूसो घेतला. एकही ड्राफ्ट निवड इकडून तिकडे गेली नाही. ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलेला तरुण देऊन, ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला तिशीतला खेळाडू घेणे अनेकांना तोट्याचा सौदा वाटला. शुद्ध बाजारभावाने पाहिले तर तो होताही. पण पहिल्या पायरीत लिहिलेली उणीव समोर ठेवली की हिशोब उलटतो. करूसोने त्या हंगामात तीन गुणांचे जवळपास ४१ टक्के फटके यशस्वी केले होते, बचावासाठीच्या सर्वोत्तम संघात त्याची दोन वर्षे निवड झाली होती, आणि चेंडू हातात नसताना काय करावे हे तो २०२० मध्ये लेकर्ससोबत विजेतेपद मिळवताना शिकला होता.

दुसरा भाग वेळेचा. गिडीच्या स्वस्त कराराचे एकच वर्ष उरले होते. त्यानंतर त्याला मोठी रक्कम द्यावी लागणार होती, आणि शिकागोने सप्टेंबर २०२५ मध्ये चार वर्षांसाठी १० कोटी डॉलर देऊन ती दिलीही. तो शिकागोत चांगला खेळतो आहे, कारण तिथे चेंडू त्याच्या हातात असतो. म्हणजे हा सौदा गिडी वाईट खेळाडू होता म्हणून झाला नाही. ज्या संघात चेंडू गिल्जस-अलेक्झांडरच्या हातात असणार, त्या संघात त्याचे कसब वाया जात होते म्हणून झाला. ट्रेडचा विचार करताना आपल्या खेळाडूची किंमत न ठरवता, आपल्या संघात त्याचे काम काय आहे हे विचारावे. काम नसेल तर चांगला खेळाडूही द्यावा, आणि शक्यतो त्याचा पगार वाढण्याआधी द्यावा.

ट्रेडमध्ये ड्राफ्ट निवडी द्यायच्या असतील, तर सलग दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी देता येत नाहीत आणि सात वर्षांपलीकडचे काही देता येत नाही, हे दोन नियम लक्षात ठेवावेत. दूरच्या वर्षाची निवड देताना ती स्वस्त वाटते, आणि तिथेच फसगत होते. २०१९ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सने पॉल जॉर्जसाठी थंडरला गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि निवडींच्या अदलाबदलीचे दोन हक्क दिले. त्यातल्याच एका निवडीतून २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला. ज्या वर्षाचा आपण आज विचारही करत नाही, त्या वर्षी प्रतिस्पर्ध्याच्या संघात कोण उभा असेल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून निवड देताना ती आपल्याच हातात पडली असती तर काय, असा विचार करूनच द्यावी.

पाचवी पायरी : ड्राफ्टकडून यंदाची मदत मागू नये

जूनच्या अखेरीस होणाऱ्या दोन फेऱ्यांच्या ड्राफ्टभोवती खूप गाजावाजा होतो. आपल्याकडेही २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडले तेव्हा एरवी एनबीए न पाहणाऱ्यांनीही ड्राफ्ट हा शब्द ऐकला होता. परंतु जिंकण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या संघाला ड्राफ्टमधला मुलगा त्याच वर्षी क्वचितच उपयोगी पडतो. थंडरने २०२४ मध्ये बाराव्या क्रमांकावर सर्बियाचा निकोला टोपिच निवडला. त्याच्या गुडघ्याला दुखापत झालेली होती आणि तो पूर्ण हंगाम खेळणार नव्हता, तरीही निवडला. कारण चांगल्या संघाला वाट पाहणे परवडते आणि दुखापतीमुळे घसरलेला खेळाडू एरवी तिथपर्यंत पोहोचलाच नसता.

दुसऱ्या फेरीत मात्र खरी कमाई असते. ३८ व्या क्रमांकाचा बेल्जियन गार्ड एजे मिचेल टू-वे करारावर आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला नियमित करार मिळाला. थंडरचा सुरुवातीच्या पाचांतला बचावपटू लू डॉर्ट तर २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच निवडला नव्हता. तीन टू-वे जागांकडे दुर्लक्ष करणारा संघ फुकटात मिळणारे बियाणे नाकारत असतो.

सहावी पायरी : जुलैमध्ये कामांचा क्रम चुकवू नये

अंतिम मालिका संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून संघाला स्वतःच्या फ्री एजंटांशी बोलता येते. इतर संघांच्या खेळाडूंशी बोलणी ३० जूनच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेतीनला, सुरू होतात, आणि बहुतेक करारांवर सह्या ६ जुलैपासून होतात. या मधल्या दिवसांत कोणते काम आधी आणि कोणते नंतर, यावर कोट्यवधी डॉलर अवलंबून असतात.

कारण असे, की स्वतःच्या फ्री एजंटाच्या नावाने, त्याच्याशी नवा करार होईपर्यंत, एक राखीव रक्कम कॅपमध्ये धरली जाते. आधीचा पगार किरकोळ असेल तर ही रक्कमही किरकोळ असते. थंडरचे दोन उपयुक्त बाकावरचे खेळाडू, ॲरन विगिन्स आणि आयझेया जो, अत्यंत स्वस्त करारांवर होते आणि त्यांना आणखी एक वर्ष तसेच ठेवण्याचा पर्याय संघाकडे होता. संघाने तो नाकारला. वरकरणी हा वेडेपणा वाटतो, पण त्यातून दोघांशी लांब मुदतीचे करार करण्याची वाट उघडली : विगिन्सला पाच वर्षांसाठी ४ कोटी ७० लाख, जोला चार वर्षांसाठी ४ कोटी ८० लाख. पुढे महाग झाले असते असे दोन खेळाडू, कॅपमध्ये मोकळी जागा असलेल्या वर्षी, ठरलेल्या दराने बांधून ठेवले गेले. सामान्य नियम असा, की मोकळ्या जागेतून बाहेरचा खेळाडू आधी घ्यावा, आणि ज्यांच्या नावाची राखीव रक्कम छोटी आहे त्या आपल्या खेळाडूंच्या सह्या नंतर कराव्यात. क्रम उलटला तर तीच माणसे, तेच पैसे, आणि तरी हार्टेनस्टाइनला जागा नाही अशी वेळ येते.

या पायरीवर आणखी एक खबरदारी घ्यावी. पूर्ण मिड-लेव्हल सवलत वापरली की त्या हंगामात पहिला एप्रन ओलांडता येत नाही, मग फेब्रुवारीत कितीही चांगला ट्रेड समोर येवो. जुलैमधली सही फेब्रुवारीतले हात बांधते, म्हणून सही करण्यापूर्वी हंगामाच्या मध्यावर लागू शकणाऱ्या खेळाडूसाठी किती अंतर राखायचे ते ठरवून ठेवावे.

सातवी पायरी : एका दुखापतीची परीक्षा

सराव शिबिरात २१ खेळाडू नेता येतात आणि हंगाम सुरू होताना १५ नियमित खेळाडू उरतात. त्याआधी तक्त्यावरचे एकेक नाव झाकावे आणि विचारावे, की हा माणूस तीन महिने नसेल तर त्याचे काम कोण करील? उत्तर म्हणून नाव यायला हवे. ‘सगळे मिळून सांभाळतील’ हे उत्तर नव्हे. नाव येत नसेल, तर पंधरावी जागा त्यासाठी वापरावी किंवा ती रिकामी ठेवून वाट पाहावी.

थंडरला ही परीक्षा लगेचच द्यावी लागली. सराव सामन्यात हार्टेनस्टाइनचा हात मोडला, आणि तो परतण्याआधीच १० नोव्हेंबर २०२४ रोजी गोल्डन स्टेटविरुद्ध होल्मग्रेन पडून त्याच्या कमरेचे हाड मोडले. काही दिवस संघाकडे खरा सेंटरच नव्हता आणि बुटक्या पाचांनी बास्केटखाली झुंजावे लागले. २० नोव्हेंबरला हार्टेनस्टाइन मैदानात उतरला, होल्मग्रेन फेब्रुवारीत परत येईपर्यंत त्याने ती जागा धरून ठेवली, आणि हंगामभरात दर सामन्यात सरासरी दहाहून अधिक रिबाउंड मिळवले. १८ मे २०२५ रोजी, डॅलसमधल्या त्या एका गुणाच्या पराभवाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात लीगमधला सर्वांत अवघड सेंटर निकोला योकिच याला अडवायला थंडरने सहा फूट पाच इंचांच्या करूसोला उभे केले, आणि सामना १२५-९३ असा जिंकला.